दीड-दोन वर्षांच्या मुलाला ताप आला तर: घरी काय करायचे, कधी निघायचे

गोव्यातल्या गावांत फार्मसी दुपारी एकला बंद होते ती साडेतीन-चारलाच उघडते, आणि रविवारी उघडी फार्मसी शोधत फिरावे लागते. माझ्या थोरल्याला पहिला मोठा ताप चढला तो अशाच एका रविवारी दुपारी. तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता. घरात थर्मामीटर नव्हता, औषध नव्हते, आणि कपाळावर हात ठेवून घरातली चार माणसे चार अंदाज सांगत होती. आपल्याला काहीच माहीत नाही हे त्या दुपारी मला कळले. पुढे आमच्या बालरोगतज्ज्ञांना मी दर भेटीत प्रश्न विचारत राहिले आणि उत्तरे वहीत लिहीत गेले. ज्यांच्या घरी पहिलेच मूल आहे त्यांच्यासाठी त्या वहीतले इथे मांडते आहे.

मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. हे सगळे साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलांबद्दल आहे. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल आणि अंग तापले असेल, तर इथे पुढे वाचत बसू नका. कितीही कमी ताप असला तरी त्याला लगेच इस्पितळात न्यायचे.

ताप नसताना आणून ठेवायच्या वस्तू

डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉलचे सिरप, मि.ली.च्या खुणा असलेली प्लास्टिकची पिचकारी (सुईशिवायची सिरिंज फार्मसीत सुटी मिळते) आणि ओआरएसची (जलसंजीवनीची) दोन-तीन पाकिटे. पाऱ्याचा जुना थर्मामीटर घरात असेल तर तो मुलांसाठी वापरू नका, फुटला की पारा गोळा करता येत नाही. आमच्याकडे पावसात वीज जाते, म्हणून डब्यात एक टॉर्चही असते. अंधारात औषध मोजायची वेळ कुणावर येऊ नये.

ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा. फळांच्या चवीच्या गोड डबाबंद पेयांवर ‘ओआरएस’ लिहून ती वर्षानुवर्षे विकली गेली. २०२५ मध्ये एफएसएसएआयने (अन्न सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेने) अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी घरात जुना साठा असू शकतो. त्यात साखर जास्त आणि क्षार कमी असतात, जुलाब होणाऱ्या मुलाला त्याने अपायच होतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची: मुलाचे वजन. दर महिन्याला वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वजनाचा काटा घरी नसेल तर अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात करून घेता येते.

ताप मोजायचा कसा

काख कोरडी पुसा. थर्मामीटरचे टोक काखेच्या मधोमध, थेट कातडीला लागेल असे ठेवा आणि मुलाचा हात त्याच्या छातीशी धरून ठेवा. मांडीवर घेऊन पदराखाली गाणे म्हणत बसले की मिनिटभर मूल शांत राहते. बीप वाजेपर्यंत काढू नका. अंघोळीनंतर, दूध पिऊन झाल्यावर किंवा उन्हातून आल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबून मोजा.

काखेतले माप शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडे कमी येते. काखेत ९९.५ फॅरनहाइटच्या वर गेले की ताप आहे असे धरायचे. १००.४ म्हणजे ३८ सेल्सिअस, हा शरीराच्या आतल्या तापमानाचा ठरलेला आकडा. कपाळासमोर धरायची बंदूक आमच्या दमट हवेत, घामाने भिजलेल्या कपाळावर वेगवेगळे आकडे दाखवते. शंका आली तर पुन्हा काखेतच मोजा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते. आकडा वहीत लिहा, पण निर्णय आकड्यावरून घेऊ नका. ताप हा आजार नाही, आत कुठल्यातरी जंतूशी शरीर लढते आहे त्याची ती खूण आहे. १०३ ताप असूनही औषधानंतर तासाभराने मूल उठून बसले, वाटीतले चमच्याने चिवडू लागले, तुमच्याकडे पाहून हसले, तर बहुतेक वेळा थांबायला हरकत नसते. १००.५ ताप आहे, पण मूल मलूल पडून आहे, नजर लावत नाही, दूध तोंडात धरत नाही, तर निघायचे. ताप उतरल्यावर मूल कसे दिसते, ते प्रत्येक वेळी पाहायचे.

औषध: वजनावरून, वयावरून नाही

पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा मुलाच्या दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम असते. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवले की चोवीस तासांत चारच मात्रा होतात, त्याहून जास्त नकोत. डॉक्टरांनी वेगळे सांगितले तर गोष्ट वेगळी, पण चार तासांच्या आत पुन्हा कधीच नाही.

खरा घोटाळा बाटलीत असतो. बाजारात एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. ड्रॉप्समध्ये साधारण १ मि.ली.ला १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपमध्ये ५ मि.ली.ला १२० किंवा १२५. जास्त ताकदीच्या सिरपमध्ये ५ मि.ली.ला २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर ड्रॉप्सचे दीड मि.ली., साध्या सिरपचे सुमारे ६ मि.ली. आणि २५० च्या सिरपचे ३ मि.ली. होतात. औषध एकच, मुलाचे वजन एकच, आणि तरी मापे तीन.

धाकटीच्या वेळी आम्ही नेहमीचे सिरप मागितले आणि फार्मसीतून ड्रॉप्सची बाटली हातात आली. खोका सारख्याच रंगाचा. सासूबाईंनी सवयीने चमचा भरला. तो पाच मि.ली.चा चमचा तोंडाशी नेईपर्यंत मी लेबल वाचले म्हणून बरे झाले, कारण त्या एका चमच्यात ५०० मिलिग्रॅम होते, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. पॅरासिटामॉल जास्त गेले तर यकृताला इजा होते, आणि ती पहिल्या दिवशी बाहेरून दिसतही नाही. चुकून जास्त गेलेच तर मूल ठीक दिसते म्हणून थांबू नका, बाटली घेऊन इस्पितळात जा.

त्या दिवसापासून आमच्या घरी औषध देण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने वाचतात: बाटलीवरची ताकद, आजचे वजन, शेवटची मात्रा दिल्याची वेळ. नवी बाटली आली की तिच्या ताकदीप्रमाणे हिशेब करून तिच्यावर जाड पेनाने लिहितो, म्हणजे २५० च्या सिरपवर ‘१० किलो = ३ मि.ली.’. घरातला चमचा मापाला कधीच नको, पिचकारीच वापरा. पिचकारीचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू सोडा. घशाकडे नेम धरला तर मुलाला ठसका लागतो. मात्रा पोटात जाऊन पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळी उलटून पडली तर तीच पुन्हा देता येते. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

घरात सर्दीचे सिरप असेल तर त्याचे लेबल पाहा. अनेकांत पॅरासिटामॉल असतेच, आणि दोन्ही दिली की मात्रा दुप्पट होते. तसेही सर्दीच्या सिरपांतले क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापायचे आदेश औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात दिले आहेत. निमेसुलाइड हे तापाचे औषध भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. ॲस्पिरिन मुलांना नको. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड मनाने देऊ नका, कारण डेंग्यू असला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पहिल्या दिवशी हा डेंग्यू आहे की साधा विषाणू ते घरी कळत नाही. मागच्या आजारातले उरलेले अँटिबायोटिक तर हातातही घेऊ नका. बहुतेक ताप विषाणूंचे असतात, त्यांवर ते चालत नाही.

औषधाने ताप एक-दोन अंशांनी उतरतो, तोही अर्ध्या ते एका तासाने. तो पूर्ण ९८.६ वर यायलाच हवा असे नाही. मूल शांत झोपले असेल तर औषधासाठी उठवू नका, मात्र रात्रीतून दोन-तीनदा त्याचा श्वास आणि अंग पाहून या.

कपडे, पाणी, पुसणे

हुडहुडी भरते तेव्हा ताप चढत असतो. हातपाय गार लागतात. त्या वेळी पातळ चादर घाला. अंग गरम झाले आणि थरथर थांबली की चादर काढा आणि सुती बंडी ठेवा. पंखा चालेल. टोपी, मोजे, स्वेटर, गोधडी, खिडक्या बंद हा आपल्याकडचा जुना बेत आहे, आणि गोव्याच्या दमटपणात त्याने अंगातली उष्णता कोंडते. आजीला हे समजावताना थोडे नमते घ्यावे लागते. आमच्याकडे सासूबाईंच्या समाधानासाठी पायमोजे उशाशी ठेवले होते, पायात घातले नाहीत.

पुसायचे झाले तर औषध दिल्यानंतर अर्ध्या तासाने, कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने, आणि मुलाला बरे वाटत असेल तरच. मूल रडून थरथरू लागले तर थांबा, कारण थरथरीने ताप उलट वाढतो. गार पाणी, बर्फ, स्पिरिट, व्हिनेगर नको. स्पिरिट कातडीतून आणि श्वासातून आत जाते.

दृष्ट काढा, अंगारा लावा, त्याने बिघडत काही नाही. मात्र कापूर मुलापासून लांब ठेवा. कापूर घातलेले तेल छातीला चोळणे किंवा कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणे धोक्याचे आहे. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते. धुरीही नको, तापातल्या छातीला धूर सोसत नाही.

पाजायचे काय

तापात भूक जाते. दोन-तीन दिवस मूल नीट जेवले नाही तरी चालते, पाणी मात्र कमी पडता कामा नये. अंगावर पिणाऱ्या मुलाला मागेल तितक्या वेळा पाजा. उकड्या तांदळाची पातळ पेज, किंचित मीठ घालून, कोमट करून द्या. आमच्या धाकटीने तीन दिवस पेजेचे पाणीच घेतले, शिते बाजूला. आडसराचे (शहाळ्याचे) पाणी, वरणाचे पाणी, पातळ ताक, नाचणीचे तिझण, जे घेईल ते. एकदम वाटीभर पुढे केले की उलटते, म्हणून दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरू करा.

जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खेच घालायचे. अर्धे पाकीट अर्ध्या लिटरला असा अंदाजपंचे हिशेब करू नका. केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. चहा, कोला आणि बाटलीतले रस नकोत. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच नाही.

पुरेसे पाणी जाते आहे की नाही हे लघवीवरून कळते. सहा-आठ तास डायपर कोरडा, ओठ सुकलेले, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेले: ही निघायची वेळ.

वही

एका पानावर चार रकाने: वेळ, ताप, औषध किती, लघवी आणि काय प्यायले. पाळीपाळीने जागणाऱ्या दोन माणसांत मात्रा दोनदा जाऊ नये म्हणून हे लागते, आणि डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात. ताप कधी सुरू झाला हे तारीख आणि वेळेसह लिहा. डेंग्यूत दिवस मोजावे लागतात. कुठली लस कधी दिली तेही लिहा: दीड वर्षाच्या सुमारास डीपीटीच्या बूस्टरनंतर एक-दोन दिवसांत ताप येतो, तर गोवर-रुबेलाच्या लशीचा ताप आठवड्या-दीड आठवड्याने येतो आणि आई-बापांना लशीची आठवणही नसते. दात येताहेत म्हणून १०२ ताप आला असे कुणी सांगितले तर मानू नका. दातांनी किरकिर होते, लाळ गळते, इतका ताप येत नाही.

आपल्या मातीतले ताप

जून ते ऑक्टोबर गोव्यात ताप म्हटला की डेंग्यू आणि मलेरिया डोक्यात ठेवायलाच हवेत. या दिवसांत मी दुसऱ्या दिवसापलीकडे घरी थांबत नाही. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी मोफत होते. डेंग्यूची एनएस१ चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर वेगळी तपासणी लागते. त्यासाठीही तारीख हवी.

डेंग्यूबद्दल एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. धोक्याचे दोन दिवस नेमके तेव्हा सुरू होतात, कारण रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागते. ताप उतरला, पण मूल पोट धरून रडते, सारखे उलटते, हातपाय गार पडलेत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, लघवी कमी झाली, झोपेतून नीट जागे होत नाही: यांतले एकही दिसले तर त्याच तासाला इस्पितळ. ‘ताप गेला, आता बरे आहे’ म्हणून रात्रभर थांबू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्यांना माकडताप (केएफडी) ठाऊक आहे. २०१५ मध्ये पाली गावापासून तो गोव्यात कळला. रानातल्या गोचिडीमुळे होतो आणि काजूच्या हंगामात जास्त दिसतो. बोंडू (काजूची फळे) गोळा करून घरी येणाऱ्यांनी मुलाला उचलून घेण्याआधी कपडे बदलावेत, अंघोळ करावी. बागायतीत किंवा रानात जाणे झाले असेल आणि ताप आला, तर डॉक्टरांना ते न विचारता सांगा.

आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. पाहणाऱ्याला वाटते मूल गेले. बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या आत थांबते आणि मेंदूला इजा होत नाही. मुलाला जमिनीवर, सपाट जागी, कुशीवर वळवून ठेवा. गळ्याजवळचे सैल करा. घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही घालू नका. चप्पल-कांदा हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, पुन्हा आली, किंवा थांबल्यावर मूल भानावर येत नसेल, तर १०८ लावा. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप उतरवणाऱ्या औषधाने आकडी टळतेच असे नाही, तेव्हा आपण औषध द्यायला उशीर केला म्हणून ती आली असे मनाला लावून घेऊ नका.

कधी थांबायचे नाही

श्वास जोरात चालला असेल तर मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वरखाली होताना मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हत असेल, ओठ निळसर असतील तर मोजतही बसू नका. मान ताठ, काही पीत नाही, सगळे उलटते, उठवूनही उठत नाही, अंगावर असे लाल-जांभळे डाग की काचेचा पेला दाबून पाहिला तरी फिके होत नाहीत: लगेच. ताप १०४ च्या वर गेला, किंवा मूल खेळते आहे पण ताप तीन दिवस टिकला, तर त्या दिवशी दाखवायचेच.

आणि हे कागदावर नसलेले लक्षण: आईला वाटते की आज हे नेहमीसारखे नाही. माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते, असे वाटले तर कारण शोधत बसू नका, या. मी ते पाळते.

निघताना

१०८ ची रुग्णवाहिका गोव्यात सगळीकडे आहे आणि मोफत आहे. उत्तरेला म्हापशाचे जिल्हा इस्पितळ (जुनी माणसे आझिलो म्हणतात), दक्षिणेला मडगावचे (पूर्वीचे हॉस्पिसियो), आणि मोठ्या प्रसंगाला बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). वाळपईहून किंवा काणकोणहून बांबोळी म्हणजे तासाहून अधिक रस्ता. म्हणून गंभीर लक्षण असेल तर आधी जवळच्या आरोग्य केंद्रात थांबा, तिथे प्राथमिक उपचार होऊन पुढे पाठवतात. स्कूटरवर आकडी आलेल्या किंवा मलूल मुलाला मध्ये बसवून नेऊ नका.

पिशवीत वही, औषधाची बाटली, लसीकरणाचे कार्ड, दोन बंड्या, डायपर, पाणी, फोनचा चार्जर. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे) असेल तर तेही.

ताप गेल्यावर चोवीस तास औषधाशिवाय निघाले की मूल बालवाडीत पाठवता येते. भूक परतायला आठवडा लागतो, तोवर जबरदस्तीने भरवू नका. आणि पुढच्या महिन्यात वजन केले की बाटलीवरचा जुना हिशेब खोडून नव्या वजनाचा लिहा.